घाट चढणाऱ्या गाड्या : जपानमधील एक रेल्वेभटकंती

रेल्वे पाहायला जपानला निघालो आहे असे सांगितले की ऐकणाऱ्यापुढे लगेच शिंकानसेन, म्हणजे तेथील बुलेट ट्रेन, उभी राहते, आणि मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर तेच तंत्रज्ञान येत असल्यामुळे हल्ली पुढचा प्रश्नही तिच्याविषयीच असतो. परंतु कर्जतच्या फलाटावर गाडीच्या शेपटीला बँकर, म्हणजे घाटात मागून रेटणारे जादा इंजिन, लागताना पाहत जो मोठा झाला, त्याचे कुतूहल वेगाच्या आधी चढाकडे वळते. जपान हा मुळातच डोंगरांचा देश आहे आणि तेथील बहुसंख्य जुने लोहमार्ग १०६७ मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर, वळणे घेत, दऱ्या ओलांडत गेलेले आहेत. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. त्याच जातीचा प्रश्न जपानी अभियंत्यांनी कोठे कसा सोडवला, हे संथ गाड्यांतून पाहावे, अशा बेताने नोव्हेंबरातील हा प्रवास आखला होता.

गुरुवार : ओमिया

टोकियोच्या उत्तरेस असलेल्या ओमिया येथील रेल्वे संग्रहालयापासून सुरुवात करणे सोयीचे पडते. ओमियाहून ‘न्यू शटल’ या छोट्या गाडीने पुढच्याच स्थानकावर उतरले की संग्रहालयाचे दार समोर येते. मंगळवारी ते बंद असते, हे बेत आखताना लक्षात ठेवावे.

१८७२ साली शिंबाशी ते योकोहामा या जपानच्या पहिल्या लोहमार्गावर धावलेले ‘क्रमांक १’ हे वाफेचे इंजिन येथे जपून ठेवले आहे. १८७१ साली ते इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत तयार झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या आपल्या पहिल्या गाडीची इंजिनेही त्याच कारखान्यातून आली होती. ती आज पाहायला मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचे हे धाकटे भावंड मी अंमळ जास्तच वेळ निरखत राहिलो.

पण ज्याच्यासाठी आलो होतो ते होते ‘ईडी ४०’ हे विजेचे इंजिन. उसुई खिंडीतील दात्यांच्या रुळांवर चालण्यासाठी ओमियाच्याच कारखान्यात ही इंजिने बांधली गेली. संग्रहालयात लहान मुलांची झुंबड शिंकानसेनच्या १९६४ च्या निळ्या-पांढऱ्या डब्याभोवती होती आणि या तपकिरी, चौकोनी पेटीसारख्या इंजिनापाशी मी आणि एक आजोबा असे दोघेच होतो. त्यांनी वाकून मला खालचे दातेरी चाक दाखवले आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून त्याची करामत समजावली. त्या खुणेला भाषांतराची गरज नव्हती.

शुक्रवार : हाकोने

ओदावाराहून हाकोने-युमोतोला जाताना इरिउदा स्थानकाशी रुळांकडे अवश्य पाहावे. तेथून पुढे एकाच मार्गावर तीन रूळ आहेत : अरुंद मापाच्या गाड्यांसाठी दोन, आणि रुंद मापाच्या डोंगरी गाड्यांना आगारात ये-जा करता यावी म्हणून तिसरा. हाकोने-युमोतोला गाडी बदलली की ८.९ किलोमीटरवरील गोरापर्यंत खरा घाट लागतो. येथील चढ १२.५ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय. साध्या चाकांनी याहून तीव्र चढ जपानमध्ये दुसरी कोणतीही गाडी चढत नाही. नेरळ-माथेरानचा सर्वांत कठीण चढ २० ला १ आहे, त्यावरून याची कल्पना यावी.

वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबते आणि उलट दिशेने पुढचा चढ धरते. ओहिरादाई हे त्यांपैकी एक स्थानक. गाडी थांबताच चालक पुढून आणि गार्ड मागून उतरतो, दोघे फलाटावरून एकमेकांच्या जागी चालत जातात, मधोमध भेट झाली की मान लववतात, आणि मिनिटा-दोन मिनिटांत गाडीची शेपूट तिचे तोंड झालेली असते. खंडाळ्याचे रिव्हर्सिंग स्टेशन १८६३ पासून १९२९ पर्यंत अशाच युक्तीने चालत होते. आपल्याकडे ते आता केवळ जुन्या छायाचित्रांत उरले आहे, आणि येथे तोच प्रकार दिवसभर चालू असतो.

वळणे इतकी अवघड आहेत की चाके आणि रूळ यांची झीज थांबवण्यासाठी काहीतरी वंगण हवेच. मात्र तेल लावले तर चढावर चाके घसरतील, म्हणून गाडी टाकीतील पाणी रुळांवर शिंपडत जाते. देयामाच्या पुलावर, हायाकावा नदीपासून सुमारे ४३ मीटर उंचीवर, गाडी जराशी रेंगाळल्यासारखी वाटली. या पुलाचा सांगाडा मूळचा १८८८ सालचा, तेनर्यू नदीवरील जुन्या पुलावरून काढून आणलेला आहे. त्या दिवशी दरीत धुके होते आणि लाल पडलेली पाने मधूनच दिसून नाहीशी होत होती.

हा मार्ग जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या, कंपन्यांचा नसल्यामुळे जेआरचा पास येथे चालत नाही. ओदाक्यू कंपनीचा हाकोनेपुरता वेगळा पास मिळतो. चालकाच्या पाठीमागची जागा हवी असेल तर एक गाडी सोडून देऊन रांगेत पहिले उभे राहावे, कारण पानगळीच्या दिवसांत कामाच्या वारीही गर्दी असते.

शनिवार : योकोकावा आणि उसुई खिंड

ताकासाकीहून निघालेली लोकल अर्ध्या तासाने योकोकावाला पोचते आणि तेथे लोहमार्गच संपतो. फलाटाच्या पुढे थोडे रूळ, मग अडथळा, मग गवत. ३० सप्टेंबर १९९७ पर्यंत येथून पुढे कारुइझावापर्यंत ११.२ किलोमीटरचा घाट होता आणि तेवढ्या अंतरात गाडी ५५३ मीटर चढत असे. सर्वांत तीव्र चढ १५ ला १ होता, म्हणजे बोरघाटाच्या दुपटीहून अधिक. १८९३ साली मार्ग सुरू झाला तेव्हा येथे निलगिरीच्या गाडीसारखीच आब्ट पद्धतीची दातेरी पट्टी होती. १९१२ मध्ये वीज आली, आणि १९६३ मध्ये दातेरी पट्टीला रजा देऊन ‘ईएफ ६३’ या १०८ टनी बँकर इंजिनांच्या जोड्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबर १९९७ रोजी, नागानोपर्यंतची शिंकानसेन सुरू होणार होती, म्हणून हा घाट बंद करण्यात आला.

जुन्या इंजिन-आगाराच्या जागेवर आता रेल्वे-उद्यान आहे. तेथे एक दिवसाचे शिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या हौशी मंडळींना खरेखुरे ‘ईएफ ६३’ चालवता येते. माझ्यासमोर एक मध्यमवयीन गृहस्थ पांढरे हातमोजे घालून, प्रत्येक खटका हाताळण्यापूर्वी त्याकडे बोट दाखवून मोठ्याने घोष करत ते इंजिन हळूहळू चढवत होते, आणि त्यांची पत्नी कुंपणाबाहेरून अत्यंत अलिप्तपणे छायाचित्रे काढत होती.

कुंपणापाशी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ पूर्वी याच घाटात चालक होते, असे बोलण्यातून निघाले. फोनवरील दुभाष्याच्या मदतीने आमचा संवाद बराच रंगला. त्यांनी सांगितले की दोन्ही बँकर नेहमी उताराच्या, म्हणजे योकोकावाच्या बाजूलाच जोडले जात. गाडी चढत असली तर ते मागून रेटत आणि उतरत असली तर पुढे राहून ती रोखून धरत. चढताना गाडीचा ताबा मागच्या बँकरवरील चालकाकडे असे आणि अगदी पुढच्या खोलीतील चालक सिग्नल पाहून त्याला कळवत राही. स्वतःला पुढचे काही दिसत नसताना अख्खी गाडी ढकलायची, याची सवय व्हायला किती काळ लागला, असे मी विचारले. चढताना भीती वाटत नसे, उतरताना वाटे, एवढेच ते म्हणाले. मी त्यांना कर्जतला काढलेले, गाडीमागे लागलेल्या तीन बँकरांचे छायाचित्र दाखवले. त्यांनी चष्मा सरसावून इंजिने मोजली, मग डबे मोजू लागले आणि ते संपेनात तेव्हा हसू लागले.

योकोकावाला प्रत्येक गाडी बँकर जोडण्यासाठी थांबणार, हे एका जेवणाच्या दुकानाने फार पूर्वी हेरले होते. ओगिनोया या दुकानाच्या चालक मिनेजी ताकामिझावा फलाटावर प्रवाशांना काय हवे ते विचारत फिरत. गरम आणि घरच्यासारखे काहीतरी, हे उत्तर त्यांना वारंवार मिळाले, आणि १९५८ साली त्यांनी मातीच्या मडक्यातील भात, अर्थात कामामेशी, विकायला काढला. कर्जतच्या वडापावाचे गणित याहून निराळे नाही : इंजिन लागेपर्यंत प्रवाशाच्या हाती काही मिनिटे असतात आणि घाटाची हवा भूक वाढवते. गाड्या थांबायच्या बंद झाल्या, तरी मडके टिकले. स्थानकासमोरच्या दुकानात मी ते घेतले. वाफाळता, हलका खारट भात, वर कोंबडी, लावीचे अंडे, कळकाचे कोंब, अळंबी, चेस्टनट आणि शेवटी गोड लागणारे जर्दाळू. जर्दाळू कधी खायचे, यावर शेजारच्या बाकावरील दोन बायकांचे एकमत होत नव्हते. मडके रिकामे झाल्यावर परत द्यावे लागत नाही, त्यामुळे पुढचे सगळे दिवस ते माझ्या पाठीवर होते.

दुपारी जुन्या मार्गावरून पायी निघालो. रूळ काढून केलेली ही वाट साधारण पाच किलोमीटरवर, विटांच्या बोगद्यांमधून, तिसऱ्या क्रमांकाच्या पुलावर नेते. चार कमानींचा हा पूल ९१ मीटर लांब आणि ३१ मीटर उंच असून त्याला सुमारे वीस लाख विटा लागल्या. खालून वर पाहताना बोरघाटातील दगडी बांधकाम आठवल्यावाचून राहत नाही. तेही याच्या तीस वर्षे आधीचे. बोगद्यांतील दिवे संध्याकाळी सहाच्या सुमारास मालवतात आणि नोव्हेंबरात त्याआधीच अंधार पडतो, म्हणून दोनच्या आत निघावे. वाटेत अस्वलांविषयीच्या पाट्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत, म्हणून पिशवीला घंटी बांधावी.

कारुइझावाला जाणाऱ्या बसा मोजक्या आहेत, तेव्हा परतीचे वेळापत्रक आधीच टिपून ठेवावे. बसने वळणावळणांचा घाट चढताना लक्षात येते की शिंकानसेन हाच डोंगर बोगद्यांतून, ३३ ला १ अशा चढाने चढते. हा चढ बोरघाटाहून थोडा अधिकच तीव्र आहे, पण तिच्या बहुतेक डब्यांखाली असलेल्या मोटारींमुळे बँकरची गरज पडत नाही. आपली वंदे भारतही बोरघाट बँकरविना चढते, त्यामागचे कारण हेच.

रविवार : कोउमी मार्ग

कारुइझावा ते कोमोरो हा पट्टा आता शिनानो रेल्वे या स्थानिक कंपनीकडे आहे आणि तेथेही जेआर पास चालत नाही. कोमोरोत मुक्काम करून सकाळी कोउमी मार्गाची दोन डब्यांची डिझेल गाडी धरली. ७८.९ किलोमीटरच्या या मार्गावर बहुतेक ठिकाणी कार्डाने पैसे देता येत नाहीत, त्यामुळे सुट्टी नाणी जवळ असावीत.

निम्म्या वाटेपर्यंत चिकुमा नदी सोबत करते. बेसबॉलच्या सामन्याला निघालेली शाळकरी मुले गाडीत होती. त्यांतील एकाने मी कोठून आलो ते विचारले, उत्तर ऐकून मित्रांशी सल्लामसलत केली आणि परत येऊन गंभीरपणे ‘करी’ एवढाच शब्द उच्चारला. मीही तितक्याच गंभीरपणे होकार दिला.

नोबेयामा हे १३४५.६७ मीटर उंचीवरील, जेआरचे सर्वांत उंच स्थानक. उंची जवळपास महाबळेश्वराइतकी. दार्जिलिंगच्या घुमपुढे ती काहीच नाही, पण हवा वेगळी होती. यात्सुगाताके डोंगरावर पहिला बर्फ पडला होता आणि ऊन असूनही वाऱ्याने कान झोंबत होते. स्थानकापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, एका फाटकाशी, १३७५ मीटरचा सर्वोच्च बिंदू दर्शवणारा खांब आणि शेजारी चक्क रेल्वेचे छोटे देवस्थान आहे. तेथे गाडीचे चाक पुजलेले आहे. खंडेनवमीला इंजिनाला हार घालणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचे कारण नाही. परतताना घेतलेले ताजे दूध मात्र अविस्मरणीय होते. येथे कोबी, लेट्यूस आणि गाई यांवरच सगळा कारभार चालतो.

याच मार्गावर २००७ पासून डिझेल आणि बॅटरी यांवर चालणाऱ्या संकरित गाड्या धावतात. जगात अशी गाडी नियमित प्रवासी सेवेत प्रथम येथेच आली. उतरताना तिची बॅटरी भरते. म्हणजे घाट चढायला खर्च झालेल्या शक्तीतील थोडी परत मिळते.

सोमवार : ओबासुते

मात्सुमोतोहून शिनोनोईकडे जाणारी लोकल एका लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि खाली अचानक सगळे नागानोचे खोरे उघडते. जपानमधील खिडकीतून दिसणाऱ्या तीन थोर दृश्यांत याची गणना होते. ५५१ मीटर उंचीवरील ओबासुते स्थानक मुख्य मार्गाच्या बाजूला, सपाटीवर काढलेल्या फाट्यावर आहे. ४० ला १ अशा चढावर थांबलेली वाफेची गाडी पुन्हा हलवणे कठीण, म्हणून ही सोय. थांबणारी प्रत्येक गाडी एकदा पुढे, एकदा मागे करत वाट काढते, आणि न थांबणारी ‘शिनानो’ एक्स्प्रेस खालच्या रुळांवरून सरळ निघून जाते.

फलाटावरील बाके रुळांकडे पाठ आणि दरीकडे तोंड करून मांडली आहेत. म्हाताऱ्या माणसांना डोंगरावर सोडून येण्याची जी जुनी दंतकथा या जागेशी जोडलेली आहे, ती प्रत्यक्षात येथे बसल्यावर डोक्यातून निघून जाते. उतारावर भाताची खाचरे पायऱ्यांसारखी उतरत गेली आहेत आणि लावणीच्या वेळी प्रत्येक खाचरात वेगळा चंद्र दिसतो अशी त्यांची ख्याती आहे. नोव्हेंबरात भात कापला गेला होता, खाचरे कोरडी होती. चंद्रासाठी यायचे तर वसंताच्या अखेरीस यावे.

तिवई लावून बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला थर्मासमधील चहा दिला आणि भाजलेली ओयाकी अर्धी मोडून दिली. कणकेच्या जाड पारीत मोहरीच्या पाल्याचे लोणचे भरलेले होते. ते एक मालगाडी टिपण्यासाठी दोन तास थांबले होते. ती आली, त्यांनी एकदाच कळ दाबली आणि सामान आवरले.

शाकाहारी वाचकांसाठी सांगायला हवे की या भागातील सोबा नूडल्स उत्कृष्ट असल्या, तरी सोबतच्या रसात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. भाजीचे सारण असलेली ओयाकी, आणि उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) किंवा समुद्री शेवाळ घातलेले भाताचे गोळे त्यामानाने बरे, पण तेथेही घटक विचारून घ्यावेत.

मंगळवार : किसोचे खोरे, मग हिरोशिमा

मात्सुमोतो ते नागोया हा ‘शिनानो’चा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. वळणावर आतल्या बाजूला झुकणाऱ्या गाड्या जपानमध्ये १९७३ साली याच मार्गावर सेवेत आल्या. किसो नदीच्या काठाने वळणावळणाने जाताना खिडकीतील क्षितिज तिरपे होते आणि कपातील कॉफी मात्र कपातच राहते. नागोयाकडे जाताना उजवी खिडकी घ्यावी, म्हणजे आगेमात्सुनंतर नेझामे-नो-तोको येथील पांढऱ्या खडकांचे पात्र काही क्षण दिसते. नागोयाहून हिरोशिमाला शिंकानसेनने गेलो. वेगवान, स्वच्छ, वेळेवर.

मोठी बॅग मी टोकियोतूनच हॉटेलकडून हॉटेलकडे पाठवणाऱ्या सेवेने पुढे धाडली होती. घाटांतील छोट्या गाड्यांत सामान ठेवायला जागा नसते, त्यामुळे हा खर्च वाचवू नये.

बुधवार : सेनो ते हाचिहोनमात्सु

सान्यो मार्गावरील हा १०.६ किलोमीटरचा तुकडा पर्यटकांच्या कोणत्याही यादीत नसतो. चढ ४४ ला १, म्हणजे या प्रवासातील सर्वांत सौम्य, बोरघाटाहूनही सोपा. तरीही नेहमीचे बँकर जपानमध्ये आज येथेच पाहायला मिळतात, कारण येथून जडशीळ कंटेनर-गाड्या पूर्वेकडे जातात. हाकोनेची हलकी गाडी १२.५ ला १ चढून जाते आणि येथे त्याच्या पाव चढाला दुसरे इंजिन लागते. घाट किती अवघड हे चढापेक्षा ओझ्यावर ठरते, हे येथे उभे राहिल्यावर जितके पटते तितके पुस्तकातून पटत नाही.

सेनोच्या फलाटाच्या टोकाला साडेनऊला जाऊन उभा राहिलो. शेजारी एक तरुण आई आपल्या चारेक वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. त्या मुलाला पुढच्या इंजिनात रस नव्हता. कंटेनर मोजून संपेपर्यंत त्याने दम धरला आणि शेवटी मागून रेटणारे निळे ‘ईएफ २१०’ दिसताच दोन्ही हात वर करून तो ओरडला. बँकरच्या चालकाने हात उंचावला. गाडीचा वेग दुचाकीहून फारसा अधिक नसावा, आणि मोटारींचा घुमणारा आवाज ती वळणाआड गेल्यावरही बराच वेळ येत राहिला.

त्यानंतरची लोकल धरून सायजोला गेलो. हिरोशिमाच्या मालस्थानकात लागलेले बँकर येथे सुटतात. कामगार खाली उतरून कपलिंग मोकळे करतो, मालगाडी पुढे निघते, आणि थोड्या वेळाने एकटे इंजिन पुढच्या खेपेसाठी हिरोशिमाकडे परत उतरू लागते. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत ढकलून परत येणाऱ्या इंजिनांची हीच दिनचर्या आहे. दोन मालगाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला तर स्थानकाला लागूनच साके ही तांदळाची दारू गाळणाऱ्या जुन्या वखारींची गल्ली आहे. विटांची उंच धुराडी फलाटावरूनही दिसतात, आणि बहुतेक ठिकाणी चव घ्यायला देतात.

या जागी जायचे ठरवणाऱ्यांनी मालगाड्यांचे वेळापत्रक विकत घ्यावे. जपानमध्ये ते दरवर्षी पुस्तकरूपाने निघते आणि मोठ्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत मिळते. मजकूर सगळा जपानी असला, तरी स्थानकांची चित्राक्षरे आणि वेळा एवढे ओळखता आले की काम भागते. रविवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मालगाड्या कमी धावतात, त्यामुळे मंगळवार ते शनिवार यांपैकी एखादी सकाळ निवडावी, आणि सेनोला उतरण्यापूर्वी हिरोशिमातच खाण्याचे काही बरोबर घ्यावे.